घरगुती सौरसंच आणि वीजबिल : सावंतवाडी परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
छतावर सौरसंच बसविला की वीजबिल शून्यावर येते, असा समज सुशिक्षित वर्गातही रूढ झालेला दिसतो. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या ‘प्रधानमंत्री सूर्यघर मुफ्त बिजली योजने’ने या समजाला बळ दिले. या योजनेत पहिल्या दोन किलोवॉटसाठी प्रत्येकी 30 हजार रुपये, तिसऱ्यासाठी 18 हजार, असे कमाल 78 हजार रुपयांचे अनुदान ठरविण्यात आले. मात्र किती क्षमतेचा संच घ्यावा, या प्रश्नाचे उत्तर सोलापूरला एक आणि सावंतवाडीला दुसरे येते. प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा विचार केला आहे.

वीजदराचे टप्पे :
महावितरणचा घरगुती वीजदर टप्प्याटप्प्याने वाढत जातो. आर्थिक वर्ष 2024-25 मध्ये पहिल्या 100 युनिटसाठी ऊर्जा आकार प्रतियुनिट 4 रुपये 71 पैसे, तर 101 ते 300 युनिटसाठी 10 रुपये 29 पैसे होता. वहन आकार व वीज शुल्क याखेरीज. नेट मीटरिंग पद्धतीत संचाने ग्रिडला दिलेली वीज घेतलेल्या विजेतून वजा होते आणि उरलेल्या युनिटवर आकारणी होते. ही वजाबाकी वरच्या, महाग टप्प्यापासून सुरू होते, हे लक्षात घेणे आवश्यक आहे.

महिना 200 युनिट वापरणारे एक कुटुंब उदाहरणादाखल घेऊ. एक किलोवॉटचा संच चांगल्या उन्हाच्या महिन्यात 110 ते 120 युनिट निर्माण करतो, म्हणजे महाग टप्प्यातील जवळजवळ सर्व युनिट तोच वाचवितो. दुसऱ्या किलोवॉटच्या वाट्याला मुख्यतः स्वस्त टप्पा येतो. अनुदान दोहोंना सारखे असले तरी परतावा सारखा नाही. योजनेच्या मार्गदर्शक तक्त्यात 150 ते 300 युनिट वापरासाठी दोन ते तीन किलोवॉटची शिफारस आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते येथील अशा कुटुंबाने प्रथम एका किलोवॉटचा हिशेब मांडून पाहावा. स्थिर आकार तर निव्वळ वापर शून्य झाला तरी द्यावाच लागतो.

पावसाळा आणि 31 मार्च :
जून ते सप्टेंबर या काळात सह्याद्रीच्या पायथ्याशी आभाळ दिवसेंदिवस उघडत नाही आणि निर्मिती बरीच घटते. ऑक्टोबरनंतर स्वच्छ ऊन पडते, पंख्यांचा वापर कमी होतो व मोठ्या संचाकडे शिल्लक युनिट साठू लागतात. ती पुढील महिन्यांत वळती होतात खरी. परंतु हा हिशेब आर्थिक वर्षाचा आहे. 31 मार्चला उरलेली युनिट आयोगाने निश्चित केलेल्या दराने विकत घेतली जातात आणि 1 एप्रिलला खाते पुन्हा कोरे होते. एप्रिल-मे महिन्यांतील उकाड्यात वापर वाढलेला असतो. साहजिकच पावसाळ्याच्या तोंडावर गाठीशी फारसे काही उरत नाही. ज्या पावसासाठी बेगमी करावयाची, तो येण्यापूर्वीच कोठार रिकामे होते! हिशेबाचे वर्ष ऑक्टोबरपासून धरले असते, तर कोकणाला ते अधिक सोयीचे ठरले असते.

छप्पर, सावली आणि वादळ :
येथील जुनी घरे कौलारू आहेत. कौले काढून वाशांवर आधार बसविताना गळतीची दक्षता घ्यावी लागते. शिवाय घराभोवती माड, आंबा, फणस असतातच. पॅनेल एकाच मालिकेत जोडलेले असल्यास एकावर पडलेली सावली संपूर्ण मालिकेची निर्मिती घटविते. झाड तोडण्यापेक्षा खळ्याच्या कडेला लोखंडी सांगाडा उभारणे बरे; खर्च मात्र वाढतो.

बॅटरीविरहित संच ग्रिडचा पुरवठा खंडित होताच सुरक्षिततेसाठी आपोआप बंद पडतो, ही बाब खरेदीच्या वेळी क्वचितच सांगितली जाते. मे 2021 मधील ‘तौक्ते’ चक्रीवादळात जिल्ह्याचा वीजपुरवठा ठिकठिकाणी कोलमडला. अशा वेळी ऊन असूनही असा संच घरात दिवा लावू शकत नाही. बॅटरी घ्यावयाची झाल्यास तिचा खर्च बिलातील बचतीत धरू नये, तो अखंडित पुरवठ्याचा खर्च होय.

गणेशचतुर्थी आणि मे महिना वगळता कुलूपबंद राहणाऱ्या चाकरमान्यांच्या घरांचा प्रश्न निराळा आहे. तेथे मुळात वापरच इतका अल्प, की महाग टप्प्यापर्यंत बिल पोहोचत नाही आणि संचाने वर्षभर निर्माण केलेली बहुतेक वीज 31 मार्चच्या हिशेबातच जमा होते.