पुण्यात घडवलेली दोन विश्वे

दीर्घिका कशा जन्मल्या आणि कशा वाढल्या हे संगणकावर घडवून पाहण्याच्या शास्त्राचा इतिहास बहुधा अमेरिका, इंग्लंड आणि जर्मनी यांच्या नावाने सांगितला जातो, आणि त्यात फारसे खोटेही नाही. मात्र या इतिहासातील एक अतिशय बोलका, पण जवळजवळ विस्मरणात गेलेला कागद पुण्याच्या आयुकाशी, म्हणजे आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र व खगोलभौतिकी केंद्राशी जोडलेला आहे. ‘ॲस्ट्रोफिजिकल जर्नल’च्या १९९९ सालच्या ५२५व्या खंडात प्रसिद्ध झालेल्या या छोट्या लेखावर अली नय्येरी, सुनू इंजिनिअर, जयंत नारळीकर आणि फ्रेड हॉयल अशी चार नावे आहेत, आणि महास्फोट न मानणाऱ्या विश्वातही दीर्घिकांची जाळी विणली जाऊ शकते, एवढाच त्याचा दावा आहे.

हॉयल, जेफ्री बर्बिज आणि नारळीकर यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या ‘क्वासी स्टेडी स्टेट’ प्रारूपात विश्वाला आरंभ नाही. ते सुमारे पाच हजार कोटी वर्षांच्या आवर्तनांनी फुगते आणि आकसते, तरी दीर्घ मुदतीत त्याचा कल प्रसरणाकडेच राहतो, आणि या प्रसरणाने विरळ होणारे द्रव्य अतिशय घन व जड पिंडांच्या आसपास, लहानलहान स्फोटांतून, नव्याने निर्माण होत असते. या मांडणीवर घेतला जाणारा एक रास्त आक्षेप असा होता, की महास्फोटवाद्यांपाशी दीर्घिकांची रचना संगणकावर उभी करून दाखवण्याची सोय आहे, तशी या पंथापाशी काय आहे? १९९९चा लेख हे त्या आक्षेपाला दिलेले उत्तर होय.

उत्तराची कृती इतकी साधी आहे, की ती शाळकरी विद्यार्थ्यालाही वहीवर करून पाहता यावी. एका घनाकृती जागेत असंख्य बिंदू कोणताही क्रम न ठेवता विखुरायचे. त्यांपैकी काही बिंदू निवडून प्रत्येकाच्या निकट, बिंदूंमधील सरासरी अंतराहून कमी अंतरावर, एकेक नवा बिंदू जन्माला घालायचा. मग सगळी जागा सर्व दिशांनी सारख्या प्रमाणात ताणायची, मूळ घनाच्या बाहेर गेलेले बिंदू टाकून द्यायचे, आणि उरलेल्यांवर पुन्हा तीच क्रिया करायची. ‘जेथे द्रव्य आहे तेथेच नवे द्रव्य’ हा एकच नियम येथे चालतो; गुरुत्वाकर्षणाने बिंदूंना एकमेकांकडे ओढण्याचे गणित त्यात नाही. तरीही काही फेऱ्यांतच पडद्यावर झुबके दिसू लागतात, झुबक्यांमध्ये पोकळ्या पडतात, आणि त्या चित्राचे मोजमाप घेतले असता उणे १.८ हा आकडा हाती येतो.

या आकड्याला खगोलशास्त्रात मोठा मान होता. एका दीर्घिकेपासून ठरावीक अंतरावर दुसरी दीर्घिका सापडण्याची शक्यता, निव्वळ योगायोगाने सापडली असती त्यापेक्षा किती अधिक आहे, हे सांगणाऱ्या राशीला द्विबिंदू सहसंबंध म्हणतात. अंतर दुप्पट झाले की ही अधिकची शक्यता साडेतीन पटींच्या आसपास घटते, आणि या घटीचे माप म्हणजेच उणे १.८ हा घातांक. जपानच्या तोत्सुजी आणि किहारा या दोघांनी १९६९ मध्येच तो काढला होता, पण पुढे जिम पीबल्स यांनी हा विषय इतका नावारूपाला आणला, की जपानी जोडीचे श्रेय तळटिपांपुरते उरले. विज्ञानातही मोठ्या नावाच्या सावलीत लहान नाव झाकले जाते, ते असे.

पुण्यातील दुसरे विश्व त्याच संस्थेत, थाणू पद्मनाभन यांच्या गटात घडत होते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत नारळीकरांच्याच मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळवलेल्या पद्मनाभन यांनी गुरूचा विश्वविचार मात्र स्वीकारला नव्हता. १९९३ मध्ये, म्हणजे नेमक्या ‘क्वासी स्टेडी स्टेट’च्या वर्षी, विश्वातील रचनांच्या निर्मितीवरचा त्यांचा केंब्रिजने प्रकाशित केलेला ग्रंथ महास्फोटाच्या चौकटीतच लिहिलेला आहे. त्यांचे विद्यार्थी जसजीत बागला यांनी कणांच्या साहाय्याने हे विश्व संगणकावर चालवण्याचे काम हाती घेतले. त्यातील अडचण निव्वळ हिशेबाची आहे: प्रत्येक कण प्रत्येक कणाला ओढत असल्याने एक लाख कण घेतले, तर सुमारे ५०० कोटी जोड्यांचे बल काढावे लागते, आणि तेही काळाच्या प्रत्येक पावलावर.

ही अडचण ओलांडण्याच्या दोन वाटा आधीपासून ठाऊक होत्या. एक ‘ट्री’ पद्धत, जी १९८६ मध्ये बार्न्स आणि हट यांनी मांडली. तिच्यात दूरच्या कणांचा गट करून तो एकच जड कण असल्याप्रमाणे मोजला जातो. दुसरी ‘पार्टिकल-मेश’, जिच्यात द्रव्य जाळीच्या चौकटींवर वाटून त्याचे गुरुत्व एकत्रित काढतात; ती वेगवान खरी, पण चौकटीहून लहान तपशील तिला दिसत नाही. बागला यांनी १९९९ मध्ये मांडलेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ट्री-पीएम’ पद्धतीत गुरुत्वाकर्षणाचे बलच दोन हिश्शांत विभागले आहे: दूरचा हिस्सा जाळीकडे, जवळचा झाडाकडे. अशा संयोगाचे प्रयत्न इतरत्रही झाले होते, तरी बलाची ही स्वच्छ वाटणी पुढे फोल्कर स्प्रिंगेल यांच्या ‘गॅजेट-२’ या जगभर वापरल्या गेलेल्या आज्ञावलीने अंगीकारली, आणि तिच्याच आधारे २००५ मध्ये एक हजार कोटींहून अधिक कणांचे ‘मिलेनियम’ विश्व चालवले गेले. कौतुक झाले ते मिलेनियमचे. पद्धत घडवणारा मागे राहिला.

या दोन विश्वांमध्ये भिंत होती असे समजणे मात्र चुकीचे ठरेल. बिंदूंच्या खेळावर ज्यांचे नाव आहे त्याच सुनू इंजिनिअर यांचे नाव २००० साली निसीम काणेकर आणि पद्मनाभन यांच्याबरोबर, महास्फोटाच्या चौकटीत द्रव्याचा गोल कसा कोसळतो याविषयीच्या लेखावर आढळते. २००१ मध्ये तर नारळीकर आणि पद्मनाभन या गुरुशिष्यांनी ‘ॲन्युअल रिव्ह्यू’मध्ये प्रमाण विश्वशास्त्र आणि त्याचे पर्याय यांची चिकित्सा एकत्र लिहिली. ज्या मतभेदापायी इतरत्र बोलणे बंद झाले असते, तो येथे एकाच लेखाच्या दोन पारड्यांत ठेवला गेला. आयुकाच्या इतिहासात इमारतींपेक्षा या लेखाचे मोल अधिक मानावे लागेल.

निकाल कोणत्या बाजूने लागला हे वाचकांना ठाऊक आहेच. सूक्ष्मलहरी पार्श्वभूमीच्या, म्हणजे आकाशभर पसरलेल्या मंद प्रारणाच्या मोजणीत आढळलेले चढउतार महास्फोटाच्या हिशेबाशी चपखल जुळले. २००३ मध्ये नारळीकर आणि सहकाऱ्यांनी तेच चढउतार दीर्घिकासमूहांशी जोडून पाहिले, पण बहुसंख्यांना ते पटले नाही. पराभूत पक्षाचा बिंदूंचा खेळही मग अडगळीत गेला, आणि येथेच घाई झाली. कारण मिलेनियमच्या निष्कर्षांत असे दिसले, की दीर्घिकांचा सहसंबंध उणे १.८ च्या सरळ रेषेजवळ राहतो, पण त्यांच्याखालील अदृश्य द्रव्याचा सहसंबंध त्या रेषेवर बसत नाही. २०११ मध्ये वॉटसन, बर्लिंड आणि झेंटनर यांनी तर दाखवून दिले, की ही सरळ रेषा निव्वळ योगायोग आहे: लहान दीर्घिका मोठीत ओढल्या जाणे आणि तेथे त्या फाटून नष्ट होणे या दोन क्रियांचा तोल आजच्या काळात तेवढा साधला गेला आहे, पूर्वी तो नव्हता आणि पुढेही राहणार नाही.

याचा अर्थ असा, की पुण्याच्या बिंदूंनी जे लक्ष्य अचूक वेधले ते लक्ष्यच सरकते होते. आणि महास्फोटवाद्यांनी तोच आकडा आपल्या पदरी जमा केला होता, तेव्हा त्यांच्याही यशातील तेवढा भाग नशिबाचा होता. गुरुत्वाकर्षणाशिवाय, केवळ ‘आहे तेथेच वाढ’ या नियमाने तोच घातांक मिळतो, हे दाखवणारा १९९९चा लेख चुकीच्या सिद्धांतासाठी लिहिला गेला असला, तरी चित्र जुळले म्हणजे कारण सापडले असे नव्हे, याचा त्याच्याइतका नेटका पुरावा या क्षेत्रात क्वचितच सापडतो.

अलीकडच्या प्रतिरूपांत हा धोका वाढलाच आहे. २०१४ चे ‘इलस्ट्रिस’ किंवा २०१५ चे ‘ईगल’ यांत वायू, तारे आणि कृष्णविवरे येतात, पण तारा जन्मण्याची क्रिया संगणकाच्या कणाहून कितीतरी लहान असल्याने तिच्यासाठी नियम वरून घालावे लागतात, आणि त्या नियमांतील आकडे प्रत्यक्ष आकाशाकडे पाहून जुळवले जातात. ज्या आकड्यांवर जुळवणी केली त्यांच्यावरच परीक्षा घेण्यात अर्थ नसतो. परीक्षेला वेगळी, जुळवणीत न वापरलेली साक्ष लागते.

अशा साक्षीपैकी एक मराठवाड्यातून यावयाची आहे, आणि हा संबंध बादरायण नाही. १ मे १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यात असलेल्या आणि त्या दिवशी नव्या हिंगोली जिल्ह्यात गेलेल्या औंढा नागनाथ तालुक्यात, दुधाळा गावाजवळ, चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांची मान्यता दिली. या प्रकल्पाचे प्रवक्तेपद सांभाळलेले तरुण सौरदीप हे २००३ च्या त्या नारळीकर-लेखाचेही एक सहलेखक होते.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी प्रथम टिपलेल्या लहरी सूर्याच्या सुमारे ३६ आणि २९ पट वस्तुमानाच्या कृष्णविवरांच्या मिलनातून आल्या होत्या, आणि इतकी जड कृष्णविवरे मागे ठेवणारे तारे जड मूलद्रव्ये कमी असलेल्या वायूतून, सूर्याच्या निम्म्याहून कमी प्रमाणातून, जन्मले असावेत, असा अर्थ तेव्हाच लावला गेला. म्हणजे कोणत्या काळी कोणत्या दीर्घिकेत कसा वायू होता, या प्रतिरूपांच्या नाजूक भागाची तपासणी दुर्बिणीशिवायही होऊ शकते. अडचण एवढीच, की लहर कोठून आली हे थोड्याच वेधशाळांना नीट सांगता येत नाही. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीत तीन यंत्रांच्या आधारे जागा आकुंचित करता आली, म्हणून दुर्बिणींना सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवरील एनजीसी ४९९३ ही दीर्घिका सापडली, आणि तिच्याभोवतीच्या फिकट कवचांवरून पूर्वी तिने दुसरी दीर्घिका गिळल्याचे स्पष्ट झाले. खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीनेही या स्फोटाच्या रेडिओ लहरींचा माग घेतला. अमेरिकेतील आणि युरोपातील यंत्रांपासून दूर असलेले औंढ्याचे यंत्र सुरू झाले, की आकाशातील ही शोधजागा आणखी अरुंद होईल, आणि लहरीमागची दीर्घिका ओळखून ती प्रतिरूपातील दीर्घिकेशी ताडून पाहण्याच्या संधी वाढतील.