खेळ संपला, हे कोण सांगणार?

दिवेलागण झाली की लगोरीचा डाव मोडायचा. चेंडू दिसेनासा व्हायचा, कोणाची तरी आई गॅलरीतून हाक मारायची आणि ज्याचा चेंडू तो घरी निघायचा. डाव अर्धा राहिला म्हणून कुरकुर व्हायची, उद्या राज्य कोणावर हे ठरायचे. पण हातपाय धुऊन जेवायला बसेपर्यंत खेळ डोक्यातून गेलेलाही असायचा.

आज त्याच वयाचे मूल मोबाइलवर खेळते तेव्हा त्याला अंधार थांबवत नाही, पाऊस थांबवत नाही. भिडू घरी गेले म्हणूनही खेळ थांबत नाही, कारण जगात कुठे तरी कोणी तरी खेळायला जागे असतेच. जेवायला हाक मारली की 'पाच मिनिटं' असे उत्तर येते आणि अर्ध्या तासाने पुन्हा तेच. मूल हट्टी झाले, बिघडले, असे निदान मग घरातच होऊन जाते. खरे तर मुलांचा मेंदू दोन पिढ्यांत बदललेला नाही. खेळाची रचना बदलली आहे, आणि त्या बदलात सर्वांत महत्त्वाची गोष्ट हरवली ती म्हणजे खेळाचा शेवट.

नाण्यापासून मोबाइलपर्यंत

व्हिडिओ गेम सुरुवातीपासूनच असे नव्हते. १९७२ मध्ये आलेला 'पाँग', १९७८ चा 'स्पेस इनव्हेडर्स', १९८० चा 'पॅक-मॅन' हे खेळ मोठ्या यंत्रांवर नाणे टाकून खेळायचे. खेळणारा लवकर हरला तरच पुढचे नाणे पडणार, हे यंत्राच्या मालकाचे गणित होते. त्यामुळे खेळ मुद्दाम अवघड आणि छोटा ठेवलेला असे. कोणी फारच तरबेज निघाला तरी पॅक-मॅनच्या २५६ व्या पातळीवर प्रोग्रॅममधल्या मर्यादेमुळे अर्धा पडदा विस्कटून जाई आणि पुढे जाताच येत नसे.

नंतर टीव्हीला जोडायची यंत्रे आली. आपल्याकडे नव्वदच्या दशकात 'मारिओ' आणि 'काँट्रा' यांच्या कॅसेट घरोघरी फिरल्या. एकदा कॅसेट विकली की मूल किती वेळ खेळते याच्याशी कंपनीला फारसे देणेघेणे नसे. राजकन्या सुटली, शेवटचा राक्षस मेला की खेळ संपे. शिवाय टीव्ही एकच असल्याने बातम्यांच्या वेळी यंत्र काढावे लागे, आणि उरलेले काम वीज जाऊन होई.

आताचे बहुतेक मोबाइल गेम फुकट मिळतात. कंपनीचे उत्पन्न जाहिरातींतून आणि खेळताना विकल्या जाणाऱ्या वस्तूंतून येते. मूल जितका वेळ पडद्यासमोर, तितकी कमाई. नाण्याच्या यंत्राचे गणित इथे नेमके उलटे झाले. रोज हजेरी लावली तर बक्षीस, एक दिवस चुकला तर साखळी तुटणार, आठवडाभरच मिळणारी खास वस्तू, हंगाम संपला की लगेच नवा हंगाम, आणि आपण खेळत नसतानाही 'तुझे मित्र वाट पाहत आहेत' असे सांगणाऱ्या सूचना. हे योगायोगाने घडत नाही, खेळ बनवणारे ते विचारपूर्वक रचतात.

मेंदूत काय होते?

१९९८ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला. आठ पुरुषांना रणगाडा चालवण्याचा व्हिडिओ गेम खेळायला देऊन त्यांच्या मेंदूचे पेट स्कॅन केले गेले. खेळताना मेंदूत डोपामिन हे रसायन जास्त स्रवत असल्याचे दिसले. या प्रयोगाचा आधार घेऊन 'गेम म्हणजे अमली पदार्थ' असे सांगितले जाते, ते बरोबर नाही. आवडीचे खाणे, जिंकलेला डाव, मिळालेली शाबासकी, या सगळ्यांत डोपामिनचा वाटा असतो. लगोरी रचली गेली की होणारा आनंदही याच वाटेने येतो.

फरक पडतो तो बक्षीस कधी मिळते यामुळे. बी. एफ. स्किनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर केलेल्या प्रयोगांत दिसले की ठरावीक टोचांनंतर दाणा मिळाला तर कबूतर दाणा खाऊन थोडे थांबते. दाणा कधी मिळेल याचा नेम नसेल, तर ते न थांबता टोचत राहते. जुगाराची यंत्रे याच तत्त्वावर चालतात. आजच्या अनेक गेममध्ये पैसे भरून 'पेटी' उघडायची असते. आत काय निघेल ते नशिबावर. बेल्जियमने २०१८ मध्येच पैसे घेऊन विकल्या जाणाऱ्या अशा पेट्या जुगाराच्या कायद्यात बसतात असे ठरवले. भारतात २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. पण मुलाचा वेळ खाणाऱ्या खेळावर कायद्याने इलाज करणे कठीण असते. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये सोळा वर्षांखालील मुलांना मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत ऑनलाइन गेम बंद केले. मुले संगणकावरून मोबाइलकडे वळली, आणि दहा वर्षांनी तो कायदा रद्द करण्याचा निर्णय घ्यावा लागला.

मैदान काय देत होते?

मैदानावरच्या खेळाने व्यायाम होतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. पडद्यावरचा खेळ हातपाय हलवून खेळला तर? हा प्रश्न २००७ मध्ये इंग्लंडमधील संशोधकांनी तपासला. १३ ते १५ वर्षांच्या मुलामुलींना 'वी' या यंत्रावर हात फिरवून खेळायचे टेनिस, बॉक्सिंग आणि बोलिंग खेळायला दिले. बसून खेळण्यापेक्षा ऊर्जा जास्त खर्च झाली, मात्र खऱ्या मैदानी खेळात लागते तेवढी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल हवी. लंगडी, खो-खो किंवा गल्लीतले क्रिकेट ती सहज भरून काढते.

मैदानाचे दुसरे देणे डोळ्यांना आहे, आणि ते कमी लोकांना माहीत असते. मूल दिवसाच्या उजेडात जितका वेळ घालवते, तितका त्याला लघुदृष्टीचा, म्हणजे लांबचे न दिसण्याचा, धोका कमी. चीनमधील ग्वांगझू शहरात १२ शाळांतील पहिलीच्या मुलांवर तीन वर्षे प्रयोग झाला. निम्म्या शाळांनी रोज ४० मिनिटांचा एक जादा तास उघड्यावर घेतला. तीन वर्षांनी नेहमीच्या शाळांत ३९.५ टक्के मुलांना लघुदृष्टी आली होती, बाहेर नेलेल्या मुलांत ३०.४ टक्के. तेजस्वी उजेडाने डोळ्याच्या पडद्यावर डोपामिन स्रवते आणि ते नेत्रगोलकाची लांबी वाढण्यास आळा घालते, असे या क्षेत्रातील बहुतेक संशोधक मानतात. म्हणजे खेळापायी मेंदूत स्रवणाऱ्या ज्या रसायनाची एवढी चर्चा होते, तेच उन्हात खेळताना डोळे राखते.

तिसरे देणे भांडणाचे. 'आउट होतो की नव्हतो', 'रडीचा डाव', 'टाइम प्लीज' हा सगळा कल्ला म्हणजे नियम ठरवण्याची शाळाच असते. धाकट्या भावंडाला 'कच्चा लिंबू' म्हणून डावात घेताना मुले दुबळ्याला सांभाळून घ्यायला शिकतात. मोबाइलच्या खेळात नियम यंत्र ठरवते आणि तंटाही यंत्रच मिटवते. मुलांनी एकमेकांना समजावण्याची वेळ फारशी येत नाही.

मैदानाची आठवण काढताना ते फार गोड करून सांगण्याचेही कारण नाही. विटी लागून डोळा गेलेली मुले नेत्रविभागांनी पाहिली आहेत. सगळ्यांना डावात घेतले जाई असेही नव्हते, आणि मुलींना तर थोडी उंची वाढली की घरात बोलावले जाई. आज तर मैदानच उरलेले नाही. सोसायटीच्या आवारात गाड्या उभ्या आणि 'येथे खेळू नये' अशी पाटी लावलेली. मूल मोबाइलकडे वळले, त्याआधी आपणच त्याला जमिनीवरून उठवले, हेही लक्षात ठेवायला हवे.

गेमची दुसरी बाजू

व्हिडिओ गेमचे फायदेही नोंदले गेले आहेत. वेगवान गेम खेळणाऱ्यांचे दृश्य अवधान, म्हणजे एकाच वेळी अनेक हलत्या गोष्टींवर नजर ठेवण्याची क्षमता, इतरांपेक्षा चांगली असल्याचे २००३ मधील एका गाजलेल्या अभ्यासात आढळले. २००७ मध्ये अमेरिकेत दुर्बिणीने शस्त्रक्रिया करणाऱ्या ३३ शल्यचिकित्सकांची चाचणी झाली. पूर्वी आठवड्याला तीन तासांहून अधिक गेम खेळलेल्यांच्या चुका न खेळणाऱ्यांपेक्षा ३७ टक्के कमी होत्या. गेममुळेच हात चांगला झाला की चांगल्या हाताची माणसे गेमकडे वळली, हे अशा पाहणीतून ठरत नाही. तरीही मोबाइल हातात दिसला की मूल वायाच चालले, असे समजण्याचे कारण नाही. गावाहून शहरात आलेल्या एकट्या मुलाला ऑनलाइन सवंगडी मोठा आधार देतात. आठवड्याला तीन तास आणि रोज सहा तास, यांत मात्र जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

आजार कधी म्हणायचा?

जागतिक आरोग्य संघटनेने गेमच्या व्यसनाचा समावेश आजारांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात केला, आणि ते जानेवारी २०२२ पासून लागू झाले. त्यासाठी तीन गोष्टी पाहिल्या जातात. खेळणे कधी सुरू करायचे आणि कधी थांबवायचे यावरचा ताबा सुटणे, जेवण, अभ्यास, मित्र यांपेक्षा गेमला वरचढ स्थान मिळणे, आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे. हे साधारण १२ महिने चालले आणि त्यामुळे शाळा, घर किंवा कामात मोठी अडचण आली, तरच निदान करतात. फक्त तास मोजून आजार ठरत नाही. गेम खेळणाऱ्यांपैकी थोड्याच जणांना हा आजार होतो.

मात्र आजारापर्यंत न पोचताही त्रास होतो. दवाखान्यात गेमची तक्रार घेऊन फारसे कोणी येत नाही. मूल येते ते डोकेदुखी, डोळ्यांची चुरचुर, मानेची किंवा अंगठ्याच्या मुळाशी होणारी दुखी, सकाळी न उठणे, एकाएकी घसरलेले गुण घेऊन. पडद्याकडे एकटक पाहताना पापण्या निम्म्याहून कमी वेळा मिटतात, म्हणून डोळे कोरडे पडतात. अटीतटीच्या खेळानंतर मन तासभर तरी शांत होत नाही, म्हणून झोप लांबते. शाळकरी मुलाला ९ तास तरी झोप हवी. मोबाइल पहिला घाव घालतो तो तिच्यावर.

घरात काय करावे?

खेळाला शेवट राहिला नसेल, तर तो घरातल्यांनी द्यायचा. त्यासाठी मोबाइल हिसकावणे हा सर्वांत वाईट मार्ग. सांघिक गेममध्ये डाव मध्येच सोडला तर सवंगडी हरतात, काही गेममध्ये शिक्षाही होते. त्या क्षणी मुलाचा होणारा संताप निव्वळ हट्टाचा नसतो. म्हणून मिनिटांऐवजी डाव मोजावेत. 'दोन डाव, मग बंद' असे खेळायला बसण्याआधी ठरले तर ते पाळणे सोपे जाते.

मैदान आधी, मोबाइल नंतर, असा क्रम ठेवावा. दमून आलेले मूल कमी वेळ खेळते. रात्री सर्वांचे फोन, आईवडिलांचे धरून, झोपायच्या खोलीबाहेर चार्जिंगला लावावेत. गेमच्या सूचना बंद कराव्यात. बँकेचे कार्ड किंवा यूपीआय मुलाच्या फोनला जोडू नये. भारतीय बालरोग संघटनेच्या मार्गदर्शनानुसार दोन वर्षांखालील मुलांना पडदा देऊच नये, दोन ते पाच वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त एक तास. गेम निवडताना ज्याला शेवट आहे असा निवडावा. बुद्धिबळ, कोडी, एखादी गोष्ट पुढे नेणारा खेळ चालेल. आणि कधी तरी मुलाशेजारी बसून तो गेम स्वतः खेळून पाहावा. त्यात काय आहे ते कळल्याशिवाय त्याबद्दल बोललेले मूल ऐकत नाही.

एवढे करूनही मूल शाळा टाळू लागले, रात्र-रात्र जागू लागले, पैसे चोरू लागले किंवा फोन काढून घेतला तर जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा बोलू लागले, तर वाट पाहू नये. शेवटच्या प्रकारात त्याच दिवशी मदत घ्यावी. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात यावर उपचार होतात. 'टेलि-मानस' या सरकारी दूरध्वनी सेवेचा क्रमांक १४४१६ आहे आणि ती चोवीस तास चालते. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये २०१४ पासून यासाठी वेगळे क्लिनिक आहे. उपचार बहुधा समुपदेशनाचे असतात. गेममागे लपलेले एकटेपण, शाळेतील छळ, नैराश्य किंवा एकाग्रतेचा विकार शोधणे हा त्यातला मोठा भाग असतो.

पूर्वी अंधार, पाऊस, वीज आणि आईची हाक या चौघांत मिळून मुलाचा खेळ संपत असे. पहिली तिन्ही आता कामाची राहिली नाहीत. उरली ती हाक. ती रागाची असली की मूल कान बंद करते. त्या हाकेनंतर त्याच्यासाठी दुसरे काही, गरम जेवण, गप्पा, पत्त्यांचा एक डाव, वाट पाहत असेल, तर ते उठून येण्याची शक्यता पुष्कळ वाढते.