थंड पाण्याची वाट

गरवायला मी शिकलो मालवणच्या धक्क्यावर, काकांच्या हाताखाली. तिथला हिशेब सोपा होता. गरीला कोळंबी लावायची, मासा लागला की पिशवीत, आणि संध्याकाळी ताटात. पुढे नोकरीनिमित्त अमेरिकेत, ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंडला आलो, तिथल्या डेशूट्स नदीवर जाऊ लागलो आणि हा हिशेब मला पार नव्याने मांडावा लागला.

डेशूट्स उत्तरेकडे वाहत जाऊन कोलंबिया नदीला मिळते. शेवटच्या टप्प्यात दोन्ही काठांना उघडेबोडके, काळपट डोंगर. हे पाहून मला आपला सह्याद्रीचा कातळ आठवतो. दगड तोच, बसाल्ट. या नदीत शरद ऋतूत येतो स्टीलहेड. हा मासा म्हणजे मुळात रेनबो ट्राउटच. एकाच ओढ्यात जन्मलेल्या पिल्लांपैकी काही तिथेच राहतात, काही समुद्रात जातात आणि दोन-तीन वर्षांनी चांदीसारखी चकाकत, दोन-चार किलोंची होऊन परततात. परतलेली ती स्टीलहेड. अंडी घालायची ती पुढच्या वसंतात. मधले महिने हा मासा नदीत काढतो, आणि तेही जवळजवळ उपाशी.

आता जो खातच नाही त्याला गळाला लावायचे कसे? कोणी म्हणते तो चिडून झडप घालतो, कोणी म्हणते लहानपणची सवय उफाळून येते. कारण काहीही असो, पिसे आणि लोकर बांधून केलेल्या खोट्या माशीवर तो येतो खरा.

पद्धत अशी. या भागात बोटीत बसून गळ टाकायला मनाई आहे. बोट फक्त जागेवर पोहोचण्यापुरती. मांडीभर पाण्यात उभे राहायचे. बारा-तेरा फुटांची, दोन्ही हातांनी धरायची काठी. दोरी प्रवाहाच्या खालच्या अंगाला तिरपी फेकायची. मग माशी पाण्याबरोबर वळसा घेत, माणसाच्या चालीने, आपल्या काठाकडे येते. ती काठाला लागली की एक-दोन पावले खाली सरकायचे आणि पुन्हा फेकायचे. बस्स, दिवसभर हेच. ओढ जाणवली की हात आवरायचा. मासा वळून स्वतः दोरी ताणेपर्यंत थांबायचे. हे थांबणे शिकायला मला दोन वर्षे लागली. पायाखालचे गोटे मात्र शेवाळाने असे निसरडे, की हातात काठी नसेल तर माणूसच वाहत जायचा.

वेळ सकाळची किंवा सांजेची, डोंगराची सावली पाण्यावर असेल तेव्हाची. पाणी गढूळ असेल तर घरी परतावे. माउंट हूडच्या हिमनदीतून येणारी व्हाइट रिव्हर हिला मिळते. उन्हाने बर्फ वितळले किंवा जोराचा पाऊस झाला की तिचा राखाडी गाळ संगमाच्या खालची सगळी नदी बिघडवतो. रात्री गार पडू लागल्या की हा त्रास कमी होतो.

पण सगळ्यांत मोठी गोष्ट तापमानाची. धरणांनी अडवलेल्या कोलंबियाचे पाणी ऑगस्टमध्ये वीस अंशांच्या वर जाते. मग दूर आयडाहोकडे निघालेले स्टीलहेडसुद्धा डेशूट्सच्या गार पाण्यात विसाव्याला शिरतात. म्हणजे आपण गळ टाकतो तो कधीकधी दमून थांबलेल्या पाहुण्यावर. हे मला ठाऊक नव्हते. ऑगस्टअखेरच्या एका दुपारी मला पहिला स्टीलहेड लागला. त्याच्या पाठीवरचा मागचा छोटा पर शाबूत होता. मत्स्यकेंद्रात वाढवलेल्या माशांचा तो कापलेला असतो. शाबूत असेल तर मासा रानचा, आणि तो सोडावाच लागतो. सोडणार होतोच, पण आधी फोटो. मित्र म्हणाला, आणखी एक. पाण्यात ठेवला तेव्हा तो एका कुशीवर कलंडला. मी त्याला प्रवाहाकडे तोंड करून धरून बसलो, बराच वेळ. कल्ले हलायचे थांबले. मित्राने पाण्यात तापमापक बुडवला : एकवीस अंश. खायला नेणेही कायद्यात बसत नव्हते. तो तसाच वाहत गेला.

मधल्या कोलंबियाचे हे रानचे स्टीलहेड १९९९ पासून धोक्यात आलेल्या जीवांच्या यादीत आहेत. २०२१ मध्ये मासे इतके कमी आले, की शरदात खालच्या डेशूट्सवर स्टीलहेडची मासेमारीच बंद ठेवली गेली. माझ्या ओळखीचे काही जुने गळवाले चिडले. मला तो निर्णय पटला, हे त्यांना सांगायची हिंमत मात्र झाली नाही.

आता तापमापक माझ्या खिशात असतो. वीसच्या पुढे पारा गेला की काठी गाडीतच राहते, दोन तासांचा रस्ता तुडवून आलो असलो तरी. काका हयात असते तर म्हणाले असते, सोडायचाच तर धरतोस कशाला? याचे उत्तर मी अजून शोधतो आहे. गेल्या ऑक्टोबरात बारा अंशांच्या पाण्यात एक लागला. गळाला काटा नव्हता, मासा पाण्याबाहेर काढलाच नाही. गळ सुटताच त्याने शेपटीचा असा फटकारा मारला की माझा चष्मा भिजला. पुसून पाहिले तोवर तो गेला होता.