गाठ न मारता बांधलेला दोर

ऑलिंपिकमध्ये एकट्याने चालवायची शर्यतीची एक छोटी शिडाची होडी असते. पूर्वी तिला लेझर म्हणत, हल्ली आयएलसीए म्हणतात. कॅनडाच्या ब्रूस कर्बी यांनी 1969 साली तिचा आराखडा काढला. लांबी सव्वाचार मीटरच्या आत-बाहेर, नुसत्या सांगाड्याचं वजन सुमारे 59 किलो, शीड सात चौरस मीटरचं. मुंबईत कुलाब्याच्या आर्मी यॉटिंग नोडमध्ये घडलेले विष्णू सरवणन यांनी 2023 च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत याच होडीवर कांस्यपदक मिळवलं. हिच्या डोलकाठीला आधाराची एकही तार नाही. शीड फुगवायचं, ताणायचं, सपाट करायचं, सगळं काही चार-सहा दोऱ्यांवर. आणि त्या दोऱ्यांचा सगळा खेळ घर्षणाचा आहे. कुठे ते कमी करायचं आणि कुठे मुद्दाम वाढवायचं, हे ज्याला कळलं त्याला होडी सज्ज करणं कळलं.

आधी कमी करण्याची बाजू. शिडाच्या तळाशी जी आडवी काठी असते तिला बूम म्हणतात. वारा तिला वर उचलू पाहतो, ती खाली खेचून धरणारी दोरी म्हणजे व्हँग. जोराच्या वाऱ्यात एका हाताने ती ओढणं माणसाच्या आवाक्याबाहेरचं, म्हणून ती पाच-सहा कप्प्यांतून फिरवून आणतात. ओढ कागदावर पंधरापटीपर्यंत वाढते. हातात मात्र त्याहून बरीच कमी येते, कारण दोरीच्या प्रत्येक वळणावर घर्षण आपला वाटा काढून घेतं. अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या पीटर हार्केन यांनी 1960 च्या दशकात कप्पीच्या चाकाखाली प्लास्टिकच्या गोळ्या घातल्या आणि होडीवाल्यांचं जगच बदललं. या गोळ्या गंजत नाहीत, त्यांना तेलही लागत नाही. उलट तेल किंवा ग्रीस लावलं की वाळू चिकटून बसते. कप्पी कुरकुरू लागली की गोड्या पाण्याने भरपूर धुवा. बहुतेक वेळा खारटाण निघून जातं आणि चाक पुन्हा मोकळं फिरतं.

आता दुसरी बाजू. खुंट्याला दोरीचे वेढे घातले की केवढं तरी ओझं दोन बोटांनी धरता येतं, हे बंदरावर राहणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. पण त्यामागचं गणित अवाक करणारं आहे. वेढे वाढतात तशी पकड बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढते. घर्षणांक 0.25 धरला तर एका पूर्ण वेढ्याने पकड साधारण पावणेपाचपट होते आणि तीन वेढ्यांनी शंभरपटीच्या वर जाते. एक किलोच्या ओढीवर शंभर किलो तोलून धरता येतात! त्याहून नवल म्हणजे या हिशोबात खुंट्याची जाडी कुठेच येत नाही. बारीक असो की जाड, पकड तेवढीच. हे सूत्र लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाच्या नावाने ओळखलं जातं.

मग आली डायनीमाची दोरी, आणि जुने आडाखे कोलमडले. ही दोरी पॉलिथिलीनची असते, म्हणजे रसायन दुधाच्या पिशवीचंच. फरक एवढाच की रेणूंच्या साखळ्या प्रचंड लांब, आणि सगळ्या एकाच दिशेला ताणून बसवलेल्या. नेदरलँड्समधल्या डीएसएम कंपनीच्या संशोधकांनी 1970 च्या दशकाच्या अखेरीस ही किमया साधली. पाच मिलिमीटरची दोरी दोन टनांहून जास्त ओझं घेते आणि वर पाण्यावर तरंगते. पण ती कमालीची निसरडी असते. साध्या दोरीत घट्ट बसणारी गाठ हिच्यात सरकते. सरकली नाही तरी गाठीच्या तीव्र वळणात बाहेरच्या तंतूंवर सगळा ताण येतो, आतले तंतू नुसते बसून राहतात, आणि दोरीची निम्मी ताकद वाया जाते.

यावरचा उपाय मला या सगळ्या कारागिरीतला सर्वांत देखणा वाटतो. गाठ मारायचीच नाही, दोरीचं टोक दोरीच्याच पोटात घालायचं. याला स्प्लाइस म्हणतात. ही दोरी बारा पेडांची, आतून पोकळ अशी वेणी असते. टोकाकडचे पेड थोड्या थोड्या अंतरावर कापून टोक निमुळतं करतात. हा निमुळतेपणा कंटाळून टाळू नये. टोक बोथट राहिलं तर ते जिथे संपतं तिथे वरची वेणी एकदम आत वळते आणि नेमकी तिथेच तुटते. मग हव्या त्या मापाचा फासा ठेवून पोकळ दाभणाने टोक वेणीत शिरवायचं, जाडीच्या सुमारे 72 पट लांबीपर्यंत. पाच मिलिमीटरच्या दोरीला 36 सेंटिमीटर. शेवटी वरची वेणी मुठीत धरून फाशाकडून खाली निपटत आणायची, की सुरकुत्या जाऊन ती आतल्या टोकावर चपखल बसते.

आता ओढा. ताणली की वेणी लांबते, लांबली की बारीक होते, आणि बारीक होताना आतल्या टोकाला आवळते. जितकी ओढ जास्त, तितका विळखा घट्ट. ना गोंद, ना खिळा. फाशाच्या दोन बाजू ओझं वाटून घेतात, त्यामुळे आत दडलेल्या टोकाला निम्माच भार पेलावा लागतो. दोरीची नव्वद टक्क्यांच्या आसपास ताकद शाबूत राहते. हा जोड निसटण्याची भीती असते ती दोरी ढिली असताना. शीड फडफडतं तेव्हा टोक हळूहळू बाहेर येऊ शकतं, म्हणून तिथे सुईदोऱ्याचे चार आडवे टाके घालतात.

दोन-तीन हात लांबीच्या तंतूंपासून शंभर हात लांब दोर कसा वळला जातो आणि तो तुटत का नाही, या कोड्यावर गॅलिलिओने 1638 साली छापलेल्या आपल्या शेवटच्या ग्रंथात विचार केला आहे. उत्तर तेच: पीळ तंतूंना एकमेकांवर दाबतो, आणि तो दाब ओढीबरोबर वाढतो. म्हणजे काथ्याचा सुंभ आणि डायनीमाचा स्प्लाइस यांचं मर्म एकच आहे.

हे झालं दोऱ्यांचं. होडीवरच्या धातूच्या भागांची दुखणी वेगळी असतात. स्टेनलेस पोलाद गंजत नाही ते अंगावरच्या ऑक्साइडच्या अतिपातळ थरामुळे, आणि तो थर टिकायला हवेतला प्राणवायू लागतो. म्हणून उघड्यावरचा भाग चकचकीत राहतो आणि वॉशरखालच्या फटीत, जिथे खारं पाणी साचतं पण हवा पोचत नाही, तिथे तो आतून पोखरला जातो. अॅल्युमिनियमच्या डोलकाठीत पोलादी रिवेट असेल तर दोन धातू आणि खारं पाणी मिळून विजेचा घटच तयार होतो आणि त्यात झिजतं अॅल्युमिनियम. रिवेटभोवती पांढरी भुकटी दिसली की तो काढावा, भोक साफ करावं, नवा रिवेट धातूंना वेगळं ठेवणारी पेस्ट लावून बसवावा.

बिनगाठीचा जोड टिकतो यावर वाचून विश्वास बसत नसेल तर मीटर-दोन मीटर पोकळ विणीची दोरी आणा आणि एक स्प्लाइस स्वतः करून बघा. दाभण नसेल तर जाड तार दुमडून घ्या, काम होतं. फासा खिडकीच्या गजात अडकवा आणि सगळं वजन टाकून ओढा. पहिल्या खेपेला मात्र मागे गादी असू द्या.