रित्या वाद्यवृंदाची संगत

कोजागिरीचे दूध आटत होते आणि माझा घसाही! राहात्याला माझे आजोळ. मामांच्या गच्चीवर दरवर्षी गाणे होते. मी गायचे आणि मामांनी पेटी धरायची. यंदा मात्र मामांची बोटे थरथरतात, म्हणून पेटी खोळीतच राहिली. मामांच्या नातवाने एक डबा आणून ठेवला व म्हणाला, "काका, चिंता सोडा. ट्रॅक लावतो. तुम्ही फक्त गायचं."

'फक्त गायचं!' मराठीच्या प्राध्यापकाला वर्ग गप्प बसवण्याची सवय असते, गच्ची नव्हे. डब्यातून सतार, व्हायोलिन, तबला असा थाट उसळला. मी मोबाइलवरच्या शब्दांत नाक खुपसले आणि पहिला अंतरा चार मात्रा आधीच उचलला. मामा साथीला असते, तर हा घोटाळा त्यांनी पेटीच्या पोटात घातला असता. ट्रॅक मात्र सरळ पुढे निघून गेला. शिर्डीची गाडी चुकलेल्या उतारूसारखा मी फलाटावरच! मुले भेंड्या खेळू लागली, बायका पेले मोजू लागल्या.

या प्रकाराला 'काराओके' म्हणतात. शब्द जपानी, 'कारा' म्हणजे रिकामा आणि 'ओके' हा 'ऑर्केस्ट्रा'चा जपानी संक्षेप. थोडक्यात, रिता वाद्यवृंद. कोबे शहरातील दाइसुके इनोउए हा स्वतः साथीचा वादक. त्याच्या एका गिऱ्हाइकाला सहलीत गायचे होते. इनोउएला जाणे जमेना. त्या गृहस्थाच्या गळ्याला रुचेल अशी साथ त्याने फितीवर भरून दिली. त्यातूनच 1971 साली त्याचे यंत्र निघाले. पठ्ठ्याने पेटंट काही घेतले नाही. 2004 साली गमतीचे 'इग नोबेल' शांतता पारितोषिक तेवढे पदरात पडले. ध्यानात घेण्यासारखे हे, की ती फीत एका माणसाचा गळा ओळखून केलेली होती. आपण बाजारचा तयार अंगरखा चढवतो आणि काखेत काचला की शिंप्याला दोष देतो.

मामांनी मला जवळ बोलावले. "अरे, मूळ गाणं काळी पाचात आहे, तू काळी एकचा. पट्टी उतरवून घे. मधले तुकडे मोजून ठेव. पेटीवाला गवयाकडे बघतो, हे यंत्र बघत नाही. मग निदान तू तरी माणसांकडे बघ! दासगणूंची गोष्ट विसरलास?"

ती गोष्ट इथे पोरासोरांना ठाऊक. कीर्तनाला निघालेले दासगणू महाराज अंगरखा, उपरणे, फेटा असा सरंजाम करून आले, तेव्हा साईबाबांनी हा नवरदेवाचा थाट कशाला, असे विचारून तो उतरवायला लावला. पुढे दासगणू उघड्या अंगाने, गळ्यात हार व हातात चिपळ्या घेऊन उभे राहू लागले. कीर्तनकार एकटाच उभा असतो खरा, पण समोरच्याला बोलता करून तो आपली साथ उभी करतो.

पुन्हा उभा राहिलो. पट्टी खाली घेतली; गाणे पाठ असलेलेच निवडले आणि मोबाइल खिशात घातला. मधल्या वाद्यांच्या तुकड्यात, जिथे एरवी मी खांबासारखा उभा राहतो, तिथे मामींना विचारले, "हे गाणं पहिल्यांदा कुठं ऐकलंत?" मामी चक्क लाजल्या! गच्ची हसली. दुसऱ्या अंतऱ्यानंतर मी नातवाला खूण केली आणि डबा बंद झाला. क्षणभर शांतता पसरली. मग कुणीतरी टाळी धरली, तिला दुसरी मिळाली आणि सगळी गच्ची धृपद म्हणू लागली. एकीने ओळ पुन्हा मागितली. ती तीनदा झाली. यंत्राने एकदाही दिली नसती.

मामांकडे पाहिले. थरथरणारी बोटे मांडीवर सूर शोधत होती.

गाणे संपल्यावर पाया पडलो. वाटले, डोळे पुसतील. मामा म्हणाले, "दुसऱ्या अंतऱ्याला घसरलास. टाळी मात्र लयीत होती. पुढच्या वर्षी त्यांनाच आधी बसव."