ध्वनिसंस्करणातील विरूपण व तीव्रता-आकारण

मुद्रित गायन-वादनाच्या ध्वनीत कालानुसार बदल घडवून आणण्याच्या दोन पद्धती. ध्वनीचा एखादा गुणधर्म (तारता, तीव्रता किंवा ध्वनिगुण) मंद आंदोलनाने सतत खालीवर हलविणे म्हणजे विरूपण, तर केवळ तीव्रतेच्या चढउतारास हवा तो आकार देणे म्हणजे तीव्रता-आकारण होय. ध्वनिमुद्रकांच्या बोलीत यांना अनुक्रमे मॉड्युलेशन व व्हॉल्यूम शेपिंग ही नावे रूढ आहेत. या कामांसाठी पूर्वी स्वतंत्र इलेक्ट्रॉनीय उपकरणे लागत. १९९६ मध्ये स्टाइनबर्ग या जर्मन कंपनीने व्हीएसटी ही जोडणीची पद्धत प्रसृत केली. तेव्हापासून तीच उपकरणे संगणकातील मुद्रण-आज्ञावलीस जोडावयाच्या लहान आज्ञावलींच्या, म्हणजे प्लगइनच्या, रूपात मिळू लागली आणि मोठ्या ध्वनिमुद्रणगृहांतील हे साधन तालुक्याच्या गावीही एका खोलीत वापरता येऊ लागले. साधन सुलभ झाले, तरी दोहोंपैकी कोणते केव्हा वापरावे याचा निर्णय मात्र सुलभ झाला नाही.

विरूपण : यात मूळ ध्वनीखेरीज एक दुसरे आंदोलन असते. त्याची कंप्रता सामान्यतः २० हर्ट्‌झपेक्षा कमी असल्याने ते स्वतः ऐकू येत नाही. त्याचा परिणाम तेवढा ऐकू येतो. या आंदोलनाने तीव्रता हलविली, तर त्यास ट्रेमोलो म्हणतात व तारता हलविली, तर व्हायब्रेटो. दोन्हींची गती बहुधा सेकंदास ४ ते ७ आवर्तने इतकी ठेवतात. मूळ ध्वनीत त्याचीच १० ते ३० मिलिसेकंद उशिराची प्रत मिसळून तो विलंब मंदपणे बदलत ठेवल्यास एकाच आवाजाचे अनेक आवाज झाल्याचा भास होतो. हा कोरस होय. विलंब याहून कमी ठेवल्यास फ्लॅंजर मिळतो. विरूपणाची कंप्रता वाढवीत नेल्यास कंप जाणवेनासा होऊन नवे स्वर उत्पन्न होतात. उदा., ४४० हर्ट्‌झच्या शुद्ध स्वराची तीव्रता १०० हर्ट्‌झने हलविल्यास ३४० व ५४० हर्ट्‌झचे दोन स्वर त्याच्या जोडीस उभे राहतात. नावांचा गोंधळ मात्र जुना आहे. फेंडर कंपनीने १९५४ मध्ये बाजारात आणलेल्या स्ट्रॅटोकॅस्टर गिटारवरील तारता बदलणाऱ्या दांडीस ट्रेमोलो म्हटले व पुढे आपल्या विवर्धकांतील तीव्रता हलविणाऱ्या योजनेस व्हायब्रेटो. अनेक प्लगइनवर ही उलटापालट अद्याप आढळते. म्हणून नावावर न जाता काय हलते आहे, हे कानांनी तपासणे इष्ट.

या दोन्ही क्रिया एकाच वाद्यात कशा नांदतात, याचे मुंबईतील प्रसिद्ध उदाहरण म्हणजे नागिन (१९५४) या चित्रपटातील पुंगी. हेमंतकुमार यांनी संगीत दिलेल्या या चित्रपटातील पुंगीचा आवाज कल्याणजी यांनी क्लॅव्हिओलिन या वाद्यावर काढला व त्याच्या जोडीस रवी यांनी पेटी वाजविली. १९४७ मध्ये फ्रान्समध्ये काँस्टंट मार्टिन यांनी तयार केलेल्या या इलेक्ट्रॉनीय वाद्यात व्हायब्रेटोची गती व खोली बदलण्याची सोय होती आणि तीव्रता वादकाच्या गुडघ्याजवळील दांडीने कमीजास्त करता येई. कंप यंत्राकडे व तीव्रता वादकाच्या अंगाकडे, अशी ही विभागणी होती. प्लगइनमध्ये ही दोन्ही कामे यंत्राकडे गेली.

तीव्रता-आकारण : याचे दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गातील साधने ध्वनीकडे पाहून काम करतात. संपीडक म्हणजे काँप्रेसर हे त्यांतील प्रमुख होय. ध्वनीची पातळी ठरविलेल्या सीमेपलीकडे गेली की, तो तिला आवरतो. ४ : १ हे प्रमाण ठेवल्यास सीमेवर ८ डेसिबेल चढलेला ध्वनी २ डेसिबेलच चढतो. तो किती लवकर कार्यान्वित व्हावा आणि किती वेळाने मोकळा व्हावा, हे वापरणाराने ठरवावयाचे असते. दुसऱ्या वर्गातील साधने ध्वनीकडे पाहत नाहीत. पडद्यावर आखलेली तीव्रतेची रेषा ती गाण्याच्या गतीनुसार प्रत्येक ठोक्यास पुन्हापुन्हा लावतात. नृत्यसंगीतातील प्रत्येक ठोक्यासरशी दबून उसळणारा आवाज बहुधा याच साधनाने काढलेला असतो. काटेकोरपणे पाहता हेही तीव्रतेचे विरूपणच. भेद इतकाच की, ट्रेमोलोचे आंदोलन बहुधा गुळगुळीत व स्वतःच्या गतीचे असते, तर येथील रेषा वाटेल त्या आकाराची व गाण्याच्या गतीस बांधलेली असते. म्हणून निवड करताना बदलाची गती कोण ठरवितो, हा प्रश्न निर्णायक ठरतो : यंत्र, गाण्याची लय की प्रत्यक्ष ध्वनी.

निवड : नाशिक जिल्ह्यातील निफाडसारख्या गावी भजनी मंडळाचे मुद्रण करावयाचे आहे, असे समजू. साथीस पेटी, पखवाज व टाळ असून सर्व मंडळी एकाच खोलीत बसली आहेत. येथे ठोक्यास बांधलेले तीव्रता-आकारण सहसा फसते. अभंग ठाय लयीत सुरू होऊन चढत जातो. संगणकाची गती मात्र स्थिर असते. संगणकात मिनिटास १२० मात्रा धरल्या आणि मंडळी १२२ वर गेली, तर प्रत्येक मात्रेस सु. ८ मिलिसेकंदांचा फरक पडतो. तीस मात्रांनंतर तो पाव सेकंदाचा, म्हणजे अर्ध्या मात्रेचा होतो आणि जेथे आवाज उघडावयाचा तेथेच तो मिटतो. लयीचा हा चढ दोष समजून मुद्रण संगणकाच्या गतीस जखडण्याकडे कल दिसतो. त्यात भजनाचा प्राणच जातो. अशा ठिकाणी ध्वनीकडे पाहणारा संपीडक योग्य. तोही एकत्रित मुद्रणावर जोराने लावल्यास पखवाजाच्या प्रत्येक थापेबरोबर गायकाचा आवाज दबतो व अभंगाचे शब्द बुडतात. त्यासाठी गायकापुढे स्वतंत्र ध्वनिग्राहक ठेवून त्याच्याच मुद्रणावर सौम्य संपीडन करणे श्रेयस्कर.

पेटीस कोरस लावण्यापूर्वी तिच्यात मुळात काय आहे, हे ऐकावे. दोन सुरांच्या पेटीत एकाच पट्टीच्या दोन पत्त्या किंचित बेसूर असल्या, तर ४४० व ४४२ हर्ट्‌झच्या स्वरांमुळे सेकंदास दोन विस्पंद ऐकू येतात. हे नैसर्गिक विरूपणच होय. साथीस बासरी असल्यास थंडीचाही विचार करावा लागतो. निफाडचा हिवाळा कडक असून तेथील किमान तापमान काही वर्षी ५° से.च्या खाली उतरते. ध्वनीचा वेग ५° से.ला सेकंदास सु. ३३४ मी., तर २५° से.ला सु. ३४६ मी. असतो; त्यामुळे पहाटेच्या भजनात बासरी फुंकेने तापेपर्यंत पेटीपेक्षा उतरलेली राहते. अशा मुद्रणावर आणखी कोरस चढविल्यास पट्टीच अनिश्चित होते. पेटीच्या तीव्रतेचे आकारण तर वादकाचा डावा हात भात्यावर करीतच असतो.

रागसंगीतात याहून अधिक जपावे लागते. दरबारी कानड्याचा कोमल गंधार किंवा भैरवाचा कोमल रिषभ आंदोलित असतो; परंतु ते आंदोलन गायकाच्या श्वासाच्या व स्वरवाक्याच्या ओघात येते, ठराविक गतीने येत नाही. मींड व गमक यांचे मोल येथे इतके की, ती पेटीवर निघत नाहीत हा आक्षेप त्या वाद्यावर सतत घेतला गेला व आकाशवाणीने १९४० मध्ये तिच्यावर घातलेली बंदी १९७१ मध्ये सैल होईपर्यंत टिकली. यंत्राचा व्हायब्रेटो अशा स्वरावर लावणे म्हणजे रागाच्या व्याकरणात ढवळाढवळ करणे होय. तंबोऱ्यासारख्या अखंड नादावर किंवा संगणकातील सपाट स्वरावर मंद विरूपण शोभते, कारण तेथे मुळात हालचाल थोडी असते.

याउलट नाशिक ढोल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वादनात तारतेपेक्षा आघाताचा आकार महत्त्वाचा. संपीडक एका मिलिसेकंदात कार्यान्वित झाला, तर टिपरूचा आघात चेपला जाऊन ढोल लांबून वाजत असल्यासारखा वाटतो. त्यास २० ते ३० मिलिसेकंदांची सवड दिल्यास आघात निसटून जातो व मागची घुमार तेवढी आवरली जाते.

ऐकण्याचे स्थळही निवडीत धरावे लागते. दोन ध्वनिक्षेपकांसाठी केलेल्या कोरसात डाव्या व उजव्या बाजूंच्या प्रती बहुधा परस्परविरुद्ध कलेत हलतात. देवळाच्या शिखरावरील कर्ण्यात त्या एकत्र होतात तेव्हा काही कंप्रता एकमेकींस छेदतात आणि कोरसाचा विस्तार नाहीसा होऊन आवाज पोकळ होतो. गायकाच्या मुद्रणावर केलेले सौम्य संपीडन मात्र कर्ण्यातूनही जसेच्या तसे पोहोचते.