खाडीपलीकडचं वर्कशॉप

2024च्या ऑक्टोबरमध्ये रेमंडचे गौतम सिंघानिया नवी कोरी लॅम्बोर्गिनी रेव्हुएल्टो घेऊन अटल सेतूवर गेले आणि तिथेच अडकून पडले. गाडीची सगळी विद्युत यंत्रणाच बंद पडली, असं त्यांनी समाजमाध्यमावर जाहीर लिहिलं. डिलिव्हरीनंतर पंधरा दिवसांच्या आत बिघडलेली ही आपल्या ऐकिवातली तिसरी गाडी, असंही लिहिलं. पण त्यांचा खरा राग पुढे होता. कंपनीच्या भारतातल्या आणि आशियातल्या वरिष्ठांपैकी कुणी साधी विचारपूससुद्धा केली नाही, अशी त्यांची तक्रार होती.

ही एका ग्राहकाची बाजू, हे धरूनच चालायला हवं. सिंघानिया स्वतः गाड्यांचे जाणते संग्राहक आहेत आणि आवडलं नाही तर बोलून दाखवणारेही. तरीही 8 कोटी 89 लाखांची गाडी शिवडी ते न्हावाशेवा या पुलावर बंद पडते तेव्हा तिचा मालक आणि नेरूळचा रिक्षावाला एकाच पायरीवर येतात. दोघांनाही एकच गोष्ट हवी असते: फोन उचलणारा माणूस. रिक्षावाल्याचा गॅरेजवाला बहुतेक वेळा उचलतो.

लॅम्बोर्गिनीच्या बाबतीत यात गंमत अशी की ही कंपनीच एका गिऱ्हाइकाच्या रागातून जन्मली, असं सांगतात. ट्रॅक्टर बनवणारे फेरुच्चो लॅम्बोर्गिनी आपल्या फेरारीच्या क्लचला कंटाळले, तक्रार घेऊन एन्झो फेरारींकडे गेले, तिथे अपमान झाला आणि 1963मध्ये त्यांनी स्वतःचाच कारखाना काढला. गोष्टीत मीठमसाला किती, ते सोडून देऊ. कंपनी मात्र ती कौतुकाने मिरवते.

मुंबईत अशा गाड्या विकल्या जातात त्या वांद्रे-कुर्ला संकुलात, वरळी-प्रभादेवीकडे, काचेच्या दालनांत. तिथे जागा चौरस फुटावर मोजली जाते, त्यामुळे दोन-तीन गाड्या, एक सोफा, चामड्याचे आणि रंगांचे नमुने आणि कॉफी एवढंच मावतं. लिफ्ट, अलाइनमेंटची जागा, सुट्या भागांचं गोदाम, रंगाचं बूथ यांना मोकळी जमीन लागते. ही मोकळी जमीन खाडी ओलांडली की मिळते. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेचा एमआयडीसीचा टीटीसी पट्टा रसायनांच्या कारखान्यांसाठी आखला गेला. आज त्यातले कितीतरी प्लॉट आयटी पार्क, डेटा सेंटर आणि गाड्यांच्या शोरूम-वर्कशॉपना गेले आहेत. तुर्भ्याच्या आसपास फिरलं तर जर्मन गाड्यांच्या पाट्या एकापाठोपाठ एक दिसतात आणि मधूनच एखादी झाकलेली बुटकी गाडी फ्लॅटबेडवरून आत जाताना दिसते. स्पोर्ट्स कारला हुकाने ओढून नेत नाहीत. पोट जमिनीला इतकं टेकलेलं असतं की पुढचा बंपरच जायचा.

म्हणून माझं मत असं की डीलरची परीक्षा दालनात घ्यायची नसते, वर्कशॉपमध्ये घ्यायची असते. त्यातही घ्यायची तर नवं मॉडेल येण्याच्या आधीच्या सहा-आठ महिन्यांत. कारण त्या काळात डीलरचं लक्ष कुठे आहे ते उघडं पडतं.

त्या महिन्यांचा क्रम बघा. हुराकान ही लॅम्बोर्गिनीची दहा सिलिंडरची गाडी 2014पासून विकली जात होती. तिची जागा घेणारी तेमेरारियो 16 ऑगस्ट 2024ला जगासमोर आली आणि भारतात 30 एप्रिल 2025ला, 6 कोटींना. मधले आठ महिने नव्या गाडीची किंमत ठरलेली नाही, बघायला गाडी नाही, तरी फोन सुरू झालेले असतात. आधी जुन्या मालकांना, मग त्यांच्या मित्रांना. कारखाना प्रत्येक डीलरला ठराविक गाड्यांचं अलोकेशन देतो, आणि यादीत नाव कितवं, हीच खरी चलनी नोट होऊन बसते. बुकिंगची रक्कम घेतली जाते, पण फॉर्मवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की किंमत डिलिव्हरीच्या दिवशीची लागेल. मधल्या काळात युरो चढला तर तो गिऱ्हाइकाच्या खिशातून. मग स्पेक ठरवायची बैठक होते: शिलाईच्या धाग्याचा रंग, कॅलिपरचा रंग, सीटवर कोरायची अक्षरं. खास गिऱ्हाइकाला इटलीत कारखाना दाखवायलाही नेतात.

या सगळ्या सरबराईत हुराकानचा मालक कुठे असतो? तो यादीत अग्रक्रमाने असतो, पण त्याच वेळी त्याच्या गाडीचं जॉब कार्ड वर्कशॉपमध्ये उघडं असतं. विक्रीवाला त्याला नव्या गाडीसाठी दिवसाला दोन मेसेज करतो आणि सर्व्हिस अॅडव्हायझर ‘पार्ट यायचाय सर’ एवढंच सांगतो. एकाच कंपनीची दोन माणसं एकाच माणसाशी अशी दोन आवाजांत बोलू लागली की समजावं, त्यांच्यात आपसात बोलणं होत नाही.

‘पार्ट यायचाय’ हे मात्र नेहमी सबब नसतं. 2023 साली भारतात 103 लॅम्बोर्गिनी विकल्या गेल्या. शंभरी ओलांडण्याची कंपनीची इथली ती पहिलीच वेळ, आणि अधिकृत दालनं तीन: दिल्ली, मुंबई, बंगळुरू. म्हणजे मुंबईच्या डीलरच्या अंगावर अख्खा पश्चिम भारत. एवढ्या थोड्या गाड्यांसाठी प्रत्येक सेन्सर, प्रत्येक काच, प्रत्येक बंपर गोदामात ठेवणं कुणालाच परवडणार नाही. भाग गाडीच्या चॅसिस नंबरवरून मागवला जातो, इटलीहून विमानाने येतो, कस्टम्समधून सुटतो आणि मग तुर्भ्याच्या दिशेने निघतो. हे गिऱ्हाइकाला बुकिंगच्या दिवशी कुणी सांगत नाही. त्या दिवशी सगळे धाग्याच्या रंगात गुंतलेले असतात.

नव्या गाड्यांनी वर्कशॉपचं काम आणखी अवघड केलं आहे. रेव्हुएल्टोमध्ये साडेसहा लिटरचं बारा सिलिंडरचं इंजिन आहे आणि त्याच्या जोडीला तीन विद्युत मोटर, सगळं मिळून हजार अश्वशक्ती. तेमेरारियोमध्ये चार लिटरचं आठ सिलिंडरचं टर्बो इंजिन आणि परत तीन मोटर. अव्हेंटाडोर किंवा हुराकानवर हात बसलेला मेकॅनिक कितीही निष्णात असो, इथे नारिंगी वायरला हात लावण्याआधी त्याला उच्च दाबाच्या विजेचं स्वतंत्र प्रशिक्षण लागतं. वेगळे हातमोजे, वेगळी अवजारं, निदानाचं नवं सॉफ्टवेअर. लाँचच्या पार्टीआधी ही तयारी झाली होती की नंतर, हा प्रश्न दालनात कुणी विचारत नाही. मला तो पहिल्या टेस्ट ड्राइव्हच्या आधी विचारावासा वाटतो. गाडीची विद्युत यंत्रणा पुलावर बंद पडली, तर आवाजावरून इंजिन ओळखणारा उस्ताद काय करणार?

बंदर जवळ असल्याचा नवी मुंबईला यात थोडा उपयोग होतो. परदेशातून नवी गाडी देशात उतरवायला सरकारने मोजकीच ठिकाणं ठरवून दिली आहेत आणि न्हावाशेवा त्यांतलं एक. उजव्या बाजूचं स्टिअरिंग सक्तीचं. एका कंपनीला वर्षाला 2,500 गाड्यांपर्यंत इथली वेगळी चाचणी करून घ्यावी लागत नाही, ही सवलत 2018ची. वर्षाला शंभर गाड्या विकणाऱ्या कंपन्यांना तिचा मोठा आधार आहे. कर मात्र आपला दणका देतो. बंदरावर शंभर रुपयांची असलेली महागडी गाडी 110 टक्के आयातशुल्काने 210ची होते आणि सप्टेंबर 2025पासूनच्या 40 टक्के जीएसटीने 294ची. त्यावर आरटीओचा एकरकमी कर. मुंबईच्या रस्त्यांवर परराज्यांच्या नंबरप्लेटच्या इतक्या सुपरकार का दिसत होत्या, याचं उत्तर याच करात आहे.

गाडी सुटली की पीडीआय, म्हणजे डिलिव्हरीआधीची तपासणी. मग मालकाचा मुहूर्त. पाडवा किंवा दसरा जवळ असेल तर वर्कशॉपमध्ये आठवडाभर झोप नसते. साडेतीन मुहूर्तांपुढे इटलीच्या कारखान्याचं वेळापत्रक फिकं पडतं. कार्बन फायबरच्या स्प्लिटरसमोर नारळ फुटतो, आणि चाकाखालचं लिंबू चिरडलं जाताना फिल्म लावणारा पोरगा रंगावर शिंतोडे उडताहेत का ते पाहत असतो. नंबर वेगळाच धंदा. 2024च्या वाढीनंतर मुंबई-पुण्यासारख्या जिल्ह्यांत 0001 साठी सरकारी शुल्कच 6 लाख आहे. एका बऱ्या हॅचबॅकची किंमत चार आकड्यांसाठी. असो, ज्याचे त्याचे शौक.

डीलरचं दुर्लक्ष किती महागात पडू शकतं, याचं उदाहरण फेरारीचं आहे. इथल्या लोकांना फेरारी ठाऊक झाली ती सचिनमुळे. 29 कसोटी शतकांची ब्रॅडमनशी बरोबरी केल्यावर 2002मध्ये त्याला फियाटने 360 मोडेना भेट दिली, मायकल शूमाकरच्या हस्ते. तिच्यावरचं एक कोटी तेरा लाखांचं आयातशुल्क माफ करण्यावरून गदारोळ झाला आणि शेवटी पैसे फियाटने भरले. तेव्हा भारतात फेरारीचा अधिकृत डीलरच नव्हता. तो आला 2011मध्ये, श्रेयांस समूहाच्या रूपाने. तीनेक वर्षांत सर्व्हिसच्या दर्जाबद्दल आणि बिलांबद्दल मालकांच्या तक्रारी वर्तमानपत्रांपर्यंत पोचल्या आणि फेरारीने तो संबंध संपवला. मधला काळ मालकांसाठी वाईट होता. गाडी आहे, घोडा आहे, पण अधिकृत दार नाही. 2015मध्ये कंपनी कॅलिफोर्निया टी घेऊन परतली, तेव्हा मुंबईत नवनीत मोटर्स आणि दिल्लीत सिलेक्ट कार्स असे दोन नवे डीलर नेमले. नव्या मॉडेलबरोबर नवा डीलर आला, हे मला योगायोगाचं वाटत नाही. जुन्या मालकांचा विश्वास परत मिळवल्याशिवाय नवी गाडी विकणार कुणाला? एवढ्या छोट्या बाजारात नवं गिऱ्हाईक हे बहुतेक वेळा जुनंच गिऱ्हाईक असतं, नाहीतर त्याचा रविवारचा सोबती.

रविवारचे हे सोबती डीलरचं नाव जाहिरातींपेक्षा जास्त घडवतात किंवा बिघडवतात. पहाटे उठून द्रुतगती मार्गाने खालापूर-लोणावळ्याकडे निघायचं, नाश्ता करायचा, ऊन चढायच्या आत परतायचं. वेगमर्यादा सपाटीवर शंभर, घाटात त्याहून कमी, अटल सेतूवर परत शंभर. हजार अश्वशक्तीची गाडी इथे आयुष्यभर एक पाय बांधून पळते. मग चर्चा वेगाची होत नाही. कुणाचा फोन कोण उचलतो, कुणाची गाडी किती महिने आत आहे, कुणाला बदली गाडी मिळाली, हेच मिसळीबरोबर वाटलं जातं. पावसाळ्यात तर गाड्या उभ्या राहून बॅटरी उतरतात आणि चार्जर जोडायला माणूस पाठवणाऱ्या डीलरचं नाव पुढचे चार रविवार निघत राहतं. खर्च एका फेरीचा.

मधल्या मध्ये सापडतो तो सर्व्हिस अॅडव्हायझर. त्याच्या पगारात त्याच्या टेबलावरच्या एस्टिमेटचं शेवटचं पानही यायचं नाही. समोरचा माणूस मोठ्या आवाजाची सवय असलेला, मागचा मॅनेजर लाँचच्या गडबडीत, आणि भाग कुठल्या तरी विमानात. चांगले अॅडव्हायझर काय करतात, तर वाईट बातमी स्वतः, लवकर आणि खरी सांगतात: ‘अमुक तारखेला येईल असं सांगितलंय, पण मला खात्री नाही, मंगळवारी मी फोन करतो.’ आणि मंगळवारी करतात. गिऱ्हाईक यावर चिडतं, पण सोडून जात नाही. लाँचच्या खर्चातला छोटा हिस्सा या माणसाच्या पगारात गेला तर डीलरला तो परवडेल, असं मला वाटतं. मालक मंडळी ऐकतील असं नाही.

सगळे उपाय थकले तर ग्राहक न्यायालय. इथे कायद्याने एक मजा करून ठेवली आहे. 2019च्या कायद्याखाली तक्रार कुठे करायची, हे गिऱ्हाइकाने मोजलेल्या रकमेवर ठरतं: 50 लाखांपर्यंत जिल्हा आयोग, 2 कोटींपर्यंत राज्य आयोग, त्यापुढे थेट राष्ट्रीय आयोग, दिल्ली. 2025च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ही पद्धत वैध ठरवली. गाडी कंपनीच्या नावावर आहे म्हणून मालक ग्राहकच नाही, ही डीलरांची आवडती पळवाटही जुलै 2024च्या निकालाने अरुंद झाली आहे: संचालकाच्या वापरासाठी कंपनीने घेतलेली गाडी तेवढ्यावरून व्यापारी हेतूची ठरत नाही. म्हणजे रकमेच्या हिशेबाने नेरूळच्या मारुतीवाल्याची तक्रार सीबीडी बेलापूरला कोकण भवनात ऐकली जाते, लोकलने दोन स्टेशनं. तेमेरारियोवाल्याला मात्र वकील घेऊन विमान पकडावं लागतं.